तलवारीतले लिंबू

साठी उलटली, सुना आल्या, नातवंडे शाळेत जाऊ लागली, केळीच्या कोणत्या लोंगरावर आज कोयता घालायचा हे अजूनही त्यांनाच विचारले जाई. तरी चंद्रकांताबाई या घरात धाकट्याच राहिल्या. सावत्र मुलगा हरिश्चंद्र त्यांना ‘धाकटी आई’ म्हणे. त्याची बायको मालन ‘धाकट्या सासूबाई’ म्हणे, आणि त्यातल्या ‘धाकट्या’वर असा काही दाब देई की ऐकणाऱ्याने थोरली कुठे आहे म्हणून आत डोकावून पाहावे.

थोरली देवघरात होती. पांडुरंगरावांची पहिली बायको मथुरा, हरिश्चंद्र रांगायला लागण्याआधीच गेली. तिच्या नावाचा चांदीचा टाक, अंगठ्याच्या नखाएवढा, दुसऱ्या लग्नाच्या दिवशीच चंद्रकांताबाईंच्या गळ्यात बांधला गेला. नवरा असेपर्यंत तो गळ्यात होता, नवरा गेल्यावर देव्हाऱ्यात बसला. ज्या बाईचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता, तिला रोज सकाळी न्हाऊ घालायचे, कुंकू लावायचे, फूल वाहायचे, आणि हे सारे करताना तिच्यावर मनातल्या मनात डाफरायचे, असा त्यांचा नेम होता. डाफरणे एखादे दिवशी राहून जाई. फूल कधी राहिले नाही.

वाटणी झाली तेव्हा हरिश्चंद्राने विहिरीकडची वाडी घेतली आणि अंगणापलीकडे स्वतःचे घर बांधले. थोरला म्हणून लग्नातली कट्यार त्याच्याकडे गेली. या कुळातला प्रत्येक नवरदेव ती कट्यार हातात धरून, तिच्या टोकाला लिंबू खोचून मांडवात येई. जुने घर चंद्रकांताबाईंच्या पोटच्या हरेश्वराकडे राहिले, आणि घराबरोबर ओटीवरचे तैलचित्रही: पांडुरंगराव खुर्चीत ताठ बसलेले, लाल पगडी, झुपकेदार मिशी, आणि उजव्या मांडीवर मूठ टेकवून उभी धरलेली, खांद्याच्याही वर गेलेली तलवार.

त्या तलवारीला यंदा भाव आला होता. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षे होत होती आणि ज्ञातीच्या सभागृहात पूर्वजांच्या चित्रांचे प्रदर्शन भरायचे होते. घराघरांतल्या भिंतींवर त्यामुळे चमत्कार घडू लागले. होळी गावातल्या एका घरच्या आजोबांच्या हातात मूळची बंदूक होती. सत्याग्रहाच्या दिवसांत घरच्यांनी घाबरून तिची काठी करवून घेतली होती. आता त्याच काठीला पाते चढवून भाला झाला होता. आजोबा मात्र तिन्ही वेळा तसेच, जरा अपचन झाल्यासारखे, समोर पाहत होते.

हरेश्वराला असले काही करावे लागणार नव्हते. त्याची तलवार तयार होती. फक्त चित्र धुराने काळवंडले होते, म्हणून त्याने शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांना, बर्नार्डना, रविवारी दुपारी बोलावून घेतले. गावोगावच्या ख्रिस्ती देवळांतले संत पुसून रंगवून लख्ख करण्यात बर्नार्ड मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि बोलण्यातही नव्हता.

चित्र भिंतीवरून उतरल्याची बातमी अंगण ओलांडून गेली. सुकेळ्यांचे ताट हातात घेऊन मालन आली. मागून हरिश्चंद्र आला आणि झोपाळ्यावर बसला. परक्या माणसासमोर घरच्या वाडवळी बोलीत बोलायचे नाही, ही चंद्रकांताबाईंची शिस्त होती, त्यामुळे सगळे जण जरा पुस्तकासारखे बोलत होते.

“मास्तर, मूठ चांगली उजळा,” हरेश्वर म्हणाला. “मुठीवर सोनं आहे.”

“सोनं नाही, पिवळा रंग आहे. धुरानं मेलाय. तुम्ही धूप फार घालता.”

“धूप देवाला घालतो.”

“देवाला जेवढा लागतो तेवढा देव घेतो, उरलेला भिंतीवर येतो. आमच्या देवळातल्या संतांचं हेच दुखणं आहे.” बर्नार्डनी कापसाचा बोळा टर्पेंटाइनमध्ये बुडवला. “मावशी, खिडकी उघडा. नाहीतर सगळ्यांना झोप येईल.”

खिडकी मालननेच उघडली. मग ती चित्रापाशी वाकली.

“धाकट्या सासूबाई, मामंजींच्या हातात खरंच तलवार होती का कधी? मी लग्न होऊन आले तेव्हा कोयता पाहिला, छत्री पाहिली. तलवार काही पाहिली नाही.”

“तू आलीस तेव्हा त्यांचे तलवार धरण्याचे दिवस संपले होते,” चंद्रकांताबाई म्हणाल्या.

“मग ती गेली कुठं? आमच्या वाट्याला कट्यार आली, तुमच्या वाट्याला चित्र आलं. तलवार कुणाच्या वाट्याला आली?”

“वसईच्या मोहिमेतली तलवार,” हरेश्वर म्हणाला. “इंग्रजांनी जमा करून घेतली असणार.”

“परवा तर ती पानिपतावर राहिली म्हणत होतास,” हरिश्चंद्र झोपाळ्यावरून म्हणाला.

बर्नार्ड हसले. हरेश्वर हसला नाही. प्रदर्शनाच्या समितीला त्याने ओळ आधीच लिहून दिली होती: ‘वसईच्या मोहिमेत गाजलेल्या वडिलोपार्जित तलवारीसह’. चंद्रकांताबाईंना त्या ओळीतले काय खरे आहे हे माहीत होते. वडिलोपार्जित एवढे एकच खरे होते, आणि तेही फक्त चित्रापुरते. तरी त्यांनी मुलाला अडवले नव्हते. या चित्रातल्या तलवारीशी त्यांचे स्वतःचे एक जुने भांडण होते आणि त्यांना ते कोणापाशी उघडे करायचे नव्हते.

बोळा मुठीवरून पात्यावर आला. पात्याच्या मध्यावर तो थांबला, परत फिरला, पुन्हा तिथेच थांबला.

“मावशी,” बर्नार्ड म्हणाले, “इथं काहीतरी पिवळं निघतंय.”

“सोनं,” म्हणत हरेश्वर पुढे सरसावला.

“सोन्याला देठ नसतो.”

सगळे वाकले. पात्याच्या ऐन मध्यावर, राखाडी रंगाखालून, एक लिंबू बाहेर येत होते. गोल, ताजे, एका बाजूला उजेड पडलेले, जणू आत्ताच परसातून तोडून आणले आहे.

“मधोमध लिंबू खोचलेली तलवार मी तरी पाहिली नाही,” बर्नार्ड म्हणाले आणि बोटाने हवेतच रेघ ओढली. “हे बघा. लिंबाच्या खालचं पातं जुनं आहे, चित्राबरोबरचं. वरचं मागाहून वाढवलंय. आखूड होतं ते ओढून लांब केलं. टोकाचं लिंबू मग मधे अडकलं, म्हणून त्याच्यावर रंग चढवला.”

मालनने ताट खाली ठेवले. तिला समजायला क्षणही लागला नाही. या घरातल्या कोणालाच लागला नसता.

“कट्यार आहे,” ती म्हणाली. “मुठीवर मोर आहे बघा. आमच्या कपाटात आहे तोच मोर. हे मोहिमेचं चित्र नाही, लग्नाचं आहे. मामंजी नवरदेव आहेत.”

हरेश्वराच्या वसईच्या पराक्रमातून एकाएकी लग्नाचा वास येऊ लागला होता.

“आणि कट्यार ज्याच्या घरी, नवरदेव त्याच्या घरी,” मालन म्हणाली. “हे चित्र आमच्या सासूबाईंच्या लग्नातलं आहे. ते आमच्याकडं यायला हवं.”

“वाटणी झालेली आहे, वहिनी.”

“तलवारीची झाली होती, भावोजी. हे वेगळंच निघालं.”

“दादा, तू काहीतरी बोल,” हरेश्वर म्हणाला.

हरिश्चंद्राने झोपाळा पायाने थांबवला. पन्नाशी ओलांडलेला, कमी बोलणारा माणूस. “माझ्या आईचा एक फोटो नाही,” तो म्हणाला. “ती कशी होती हे मला कुणी धड सांगितलंही नाही. तिच्या लग्नात वडील असे दिसत होते, एवढं तरी माझ्या भिंतीवर असावं. दुसरं काही मागत नाही मी.”

या मुलाला चंद्रकांताबाईंनी भरवले होते, त्याच्या तापात रात्री काढल्या होत्या, आणि ‘माझी आई’ म्हणताना त्याचा आवाज असा मऊ व्हायचा तो तिच्यासाठी. मेलेल्या बाईचे केस पिकत नाहीत, आवाज चढत नाही, तिच्या हातची आमटी कधी खारट होत नाही. आणि आता ती देवघरातून ओटीवरही आली होती. फुलांना टाक होता तेवढा पुरे नव्हता. तिला आता नवरा हवा होता, पगडीसकट.

“लग्न त्यांचं दोनदा झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्याही वेळी हातात कट्यार होती.”

“होती ना,” मालन म्हणाली. “पण लिंबू होतं?”

हा प्रश्न मालनने सहज टाकला की नेम धरून, हे कळायला मार्ग नव्हता. चंद्रकांताबाईंना मात्र तो बरोबर तिथेच लागला. अंतरपाट बाजूला झाला तेव्हा त्यांनी मान खाली घातली होती, तरी डोळ्यांच्या कोपऱ्यातून एक गोष्ट पाहून ठेवली होती. कट्यारीचे टोक बोडके होते. सासूने लिंबू पुढे केले होते, पांडुरंगरावांनी ते परत तबकात ठेवले आणि हलकेच म्हणाले होते, “ते एकदा झालंय.” चार शब्दांचेही वाक्य नव्हते. त्या चिमुकल्या वाक्याच्या सावलीत चंद्रकांताबाईंनी सगळा संसार केला.

त्या मांडवात काय झाले ते आठवणारे आता कोणी जिवंत नव्हते. एकट्या त्याच होत्या. ‘होतं’ एवढे म्हटले की नवरदेव त्यांचा, लिंबू त्यांचे, भिंत त्यांची.

“आई, होतं म्हण,” हरेश्वर त्यांच्या कानाशी पुटपुटला. “नाहीतर चित्र जातं हातचं.”

बर्नार्डना वाटले की आपल्या बोळ्याने या घरात भलतेच काही उघडे पडले आहे, आणि ते सावरायला हवे. “अहो, चित्रातल्या शस्त्रावरून भांडू नये,” ते म्हणाले. “ते कुणासाठी असतं हे बघणाऱ्याला कळत नाही. आमच्या देवळात संत पौल आहे, हातात ही एवढी तलवार. दरवर्षी पोरं विचारतात, मास्तर, पौल लढाईत होता काय? मी सांगतो, बाबांनो, ती त्याची तलवार नव्हे. तिनं त्याला मारलं. आमच्याकडं ज्याच्या हातात शस्त्र रंगवतात, घाव त्यालाच बसलेला असतो.”

“तुमच्याकडं उलटंच सगळं,” मालन म्हणाली.

“उलटं नाही, नंतरचं आहे. घाव बसून गेल्यावरचं.”

चंद्रकांताबाई चित्राकडे पाहत राहिल्या. घाव त्यालाच बसलेला. हे त्यांच्या कधी मनात आले नव्हते. आजवरच्या हिशेबात घाव बसलेल्या त्या एकट्याच होत्या. हातात बोडकी कट्यार धरून, तान्हे मूल आपल्या आईच्या कडेवर ठेवून दुसऱ्यांदा मांडवात उभा राहिलेला तो तिशीच्या आतला माणूस त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी फक्त टोक पाहिले होते.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “वरचं पातं केव्हाचं?”

“फार नंतरचं नसावं. हात त्याच चित्रकाराचा आहे; बोरू जसा ओळखू येतो तसा कुंचलाही येतो. खालचा रंग पुरता जुना व्हायच्या आतच वरचा चढलाय. पाच, सात, आठ वर्षं. मथुराबाई जाऊन...” ते थांबले. “म्हणजे साधारण तुमच्या लग्नाच्या सुमाराला, मावशी.”

तेव्हा चंद्रकांताबाईंना जवसाच्या तेलाचा वास आला.

नवी नवरी म्हणून त्या या ओटीवर पहिल्यांदा आल्या तेव्हा भिंतीवर चित्र नव्हते. मोठा खिळा होता, आणि त्याच्याखाली आजूबाजूपेक्षा उजळ असा एक चौकोन. काय होते तिथे, असे विचारण्याची नव्या सुनेला सोय नव्हती. पहिल्या दिवाळीला त्या माहेरी सोपाऱ्याला गेल्या आणि परत आल्या तो चौकोनावर हे चित्र टांगलेले. घरभर तेलाचा वास. त्यांनी हात पुढे केला तेव्हा पांडुरंगराव मागून म्हणाले, “हात लावू नकोस, ओलं आहे.”

“तलवार कुणाची?” त्यांनी विचारले होते.

“कुणाची म्हणजे? तुझीच,” असे म्हणून ते वाडीत निघून गेले होते.

चंद्रकांताबाईंची जीभ माहेरापासून तिखट म्हणून प्रसिद्ध. नवऱ्याने आपल्या जिभेवर कोटी केली आणि ती सगळ्या गावाला दिसेल अशी भिंतीवर टांगली, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवसापासून चित्रातल्या तलवारीकडे पाहिले की त्यांचे ओठ आपोआप मिटत. घरात दुसरे कोणी हसले की आपल्यालाच हसले असे वाटे. या मानी बाईने तो टोमणा नवऱ्याला कधी परत विचारला नाही, आणि त्या अबोल माणसाने तो कधी उलगडून सांगितला नाही. दोघे आपापल्या समजुतीने एका भिंतीखाली जेवत राहिले.

टोमणा नव्हताच तो. नव्या बायकोने रोज उठून दुसरीचा नवरदेव पाहू नये, म्हणून त्याने स्वतःला चित्रकाराकडे नेऊन टाकले होते. बाशिंगावर पगडी चढवली होती. लिंबू पुसले होते. ज्या कट्यारीने त्याला घाव केला ती ओढून, ताणून, दुसऱ्याच कुठल्या तरी शस्त्राएवढी करून घेतली होती.

“होतं का नव्हतं, धाकट्या सासूबाई?” मालनने पुन्हा विचारले.

“नव्हतं,” चंद्रकांताबाई म्हणाल्या. “माझ्या वेळी लिंबू नव्हतं. ते लिंबू मथुराचं आहे.”

हरेश्वराने कपाळाला हात लावला. मालनने एवढ्या सहज विजयाची तयारी केलेली नसावी. ती नवऱ्याकडे पाहू लागली.

“तलवार मात्र माझी आहे,” चंद्रकांताबाई पुढे म्हणाल्या आणि दिवाळीची हकीकत त्यांनी सांगितली. फार लांबवली नाही. बोडक्या टोकाचे त्यांनी सांगितले. पण “ते एकदा झालंय” हे शब्द सांगितले नाहीत. काही वस्तू वाटणीत येत नाहीत.

“म्हणजे आमच्या सासूबाईंवर रंग फासला,” मालन हळूच म्हणाली. “तुमच्यासाठी.”

“हो. माझ्यासाठी.”

असे ‘हो’ म्हणायला मिळावे म्हणून माणूस जन्मभर थांबू शकते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते आणि त्यांनी ते लपवले नाही. कट्यार काय, प्रत्येक नवरदेवाच्या हातात असते. खोटी तलवार कोणी कोणासाठी धरत नाही.

“मास्तर, लिंबू झाका,” त्या म्हणाल्या. “त्यांनी झाकलं होतं तसं. चित्र याच भिंतीवर राहील.”

“आणि मोहिमेचं काय लिहू, आई?”

“मोहीमबिहीम काही लिहू नकोस. ‘पांडुरंगराव, तलवारीसह.’ तेवढं खरं आहे.”

“तेवढ्यासाठी कोण बघायला येणार?” हरेश्वर वैतागून म्हणाला, आणि आधाराला थोरल्या भावाशेजारी झोपाळ्यावर जाऊन बसला. चित्रावरून दोन बाजूंना गेलेले दोघे भाऊ एकाच बाईवर चिडून एकत्र आले.

हरिश्चंद्र उठला. “बरं,” तो म्हणाला. मग दारापाशी वळला. “धाकटी आई, तू म्हणतेस ते खरंच असणार. पण मग तिचं काय उरलं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर चंद्रकांताबाईंना उत्तर देता आले असते. त्या आत गेल्या. देवघरातून परतल्या तेव्हा त्यांची मूठ मिटलेली होती.

“मालन, पदर धर.”

मालनने गोंधळून पदर पसरला. त्यात त्यांनी टाक ठेवला.

“घेऊन जा तुझ्या सासूला. तिच्या मुलाच्या घरी राहू दे. इतकी वर्षं मी वागवली, आता तू वागव. बघ कसं जमतं ते.”

अंगण ओलांडताना मालनने पदर दोन्ही हातांनी धरला होता, भरलेला गडवा न्यावा तसा.

रात्री चंद्रकांताबाईंना गाढ झोप लागली. घरात पहिल्यांदाच त्या एकट्या मालकीण होत्या. ओटीवर लिंबू पुन्हा बुजले होते आणि तलवार, त्यांची तलवार, ओल्या रंगाने चकाकत होती.

सकाळी त्या देवपूजेला बसल्या. बाळकृष्णाला न्हाऊ घातले, खंडोबाला घातले, मग सवयीने हात पुढे गेला तो ताम्हनात तसाच फिरला. डाफरायला सुरुवातही झाली होती. वाक्य अर्ध्यात तुटले. देव्हाऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात कुंकवाचा एक लहानसा लाल डाग होता आणि मध्ये अंगठ्याच्या नखाएवढी जागा स्वच्छ पांढरी. त्यांनी तिथे मोगऱ्याचे फूल ठेवले. मग ते उचलले. मग त्या उठल्या आणि मागच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

“मालन, टाक घासलास का?”

अंगणापलीकडून मालनचा आवाज आला. “घासला की. चिंचेनं. काळा पडला होता.”

“चिंच लावू नकोस. रांगोळीची चिमूट घे आणि बोटानं हलकं फिरव. नाक आधीच झिजलंय.”

“कुणी झिजवलं?”

“मीच. आणखी कोण झिजवणार? फूल कुठलं वाहिलंस?”

“जास्वंद.”

“जास्वंद तिला आवडत नाही. मोगरा लागतो.”

“तुम्हाला हो कसं माहीत?” मालन दारात येऊन म्हणाली. “तुम्ही तर त्यांना कधी पाहिलंही नाही.”

खरेच, कोणी सांगितले नव्हते. तरी त्यात शंकेला जागा नव्हती. मालनच्या कपाळावर ताजे कुंकू होते, हात ओले होते, आणि पूजा झाल्यावर बाईच्या चेहऱ्यावर जी एक मालकी येते ती आलेली होती. चंद्रकांताबाईंना ती मुळीच पाहवेना. त्यांनी परडीतला मोगरा मुठीत घेतला आणि त्या पायऱ्या उतरल्या. सवत परक्या घरी नीट नांदते की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याखेरीज आज त्यांना चहा गोड लागणार नव्हता.